थांब म्हणायचं कुणी

नव्या बाई शाळेत रुजू झाल्या तेव्हा अर्धं वर्ष सरलं होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत आणून सोडलं आणि किल्ली हातावर ठेवली. स्वतः मात्र त्यांनी दाराच्या आत पाऊल टाकलं नाही.

"आधीचे सर अचानक गेले," त्या बाहेरूनच म्हणाल्या. "पोरांचा फार जीव होता त्यांच्यावर. तेव्हा तो विषय काढू नका. हळूहळू विसरतील."

"गेले म्हणजे?"

"गेले म्हणजे गेले," मोठ्या बाई म्हणाल्या. तेवढ्यात घंटा झाली आणि सुटल्यासारख्या त्या निघून गेल्या.

खोली लांबट होती. भिंतीला लावून टेबलं, त्यांच्यावर जुने कॉम्प्युटर, काही चालू, काही नुसते शोभेचे. मधली सगळी जागा मात्र मोकळी ठेवलेली. तिथे फरशीवर रंगीत चिकटपट्टीने चौकटी आखलेल्या होत्या आणि मुलांच्या पायांनी त्या घासून विटल्या होत्या. खिडकीखालच्या टोपलीत दोऱ्या, लाकडी ठोकळे, बाटल्यांची झाकणं, पुठ्ठ्याचे कापलेले बाण. कॉम्प्युटरच्या वर्गापेक्षा बालवाडीचा पसारा जास्त वाटावा असं सगळं. आणि कपाटावर एक मोठा पुठ्ठ्याचा खोका, चंदेरी कागद चिकटवलेला. समोरच्या बाजूला डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली होती. एक जरा वर, एक जरा खाली. त्यामुळे तो खोका मान कलती करून काहीतरी ऐकत असल्यासारखा दिसायचा.

हा खोका काढून टाकायला हवा, असं बाईंच्या मनात पहिल्याच दिवशी आलं. स्टूलही त्यांनी ओढून आणलं. मग कुणास ठाऊक का, ते जागेवर ठेवून दिलं.

पहिल्याच तासाला बाईंची बोलती बंद झाली. वर्ग दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा. पार ओनाम्यापासून सुरुवात करावी लागणार अशा तयारीने त्या आल्या होत्या. ओळख व्हावी म्हणून त्या सहज म्हणाल्या, "चला, उंचीप्रमाणे उभे राहा बघू." मुलं उठली आणि एक शब्द न बोलता कामाला लागली. शेजारच्या दोघांनी पाठीला पाठ लावायची, उंच असेल त्याने उजवीकडे सरकायचं, मग पुढची जोडी. रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अशा लाटा जात राहिल्या, आणि बघता बघता रांग लागली. मोठ्या वर्गांतल्या मुलांना फळ्यावर समजावताना घाम फुटतो ती क्रम लावण्याची गोष्ट ही पोरं पाठीला पाठ लावून करत होती.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

 जाड भिंगाचा चष्मा लावणारा एक मुलगा म्हणाला, "सरांनी." त्याला वर्गात सगळे प्रोफेसर म्हणायचे. तो बोलला आणि सगळ्यांच्या माना कपाटाकडे वळल्या.

मग तुकड्या-तुकड्यांनी बाईंना कळत गेलं. मुलं सरांना डबासर म्हणायची. तो खोका डोक्यावर चढवला की सर यंत्र व्हायचे. यंत्राला सांगाल तेवढंच कळणार. पेल्यात पाणी ओता म्हटलं तर ते तांब्या उचलून पाणी ओतायचे, पण पेला पालथा असला तर पालथ्यावरच. पाणी टेबलावरून वाहत वह्यांवर जायचं, पोरं हसून हसून लोळायची. सर आतून म्हणायचे, "यंत्र चुकत नसतं. सूचना अपुरी असते. पुन्हा सांगा." मग मुलं पुन्हा सांगायची, आधी पेला सुलटा करा, मग तांब्याचं तोंड पेल्यावर आणा, मग हळूहळू वाकवा, पेला भरत आला की सरळ करा. असं खेळता खेळता त्यांना जे यायला लागलं होतं, ते बाईंना कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी जमलं होतं.

पण एक गोष्ट त्यांना येत नव्हती. निदान बाईंना तसं वाटलं.

पडद्यावर एक कासव चालवायचं आणि त्याच्या मागे रेघ उमटत जायची, असा तो धडा होता. मुलांनी कासवाला चौकोन काढायला लावलं, फुलं काढायला लावली. बाई म्हणाल्या, "छान. आता फूल पूर्ण झालं की कासवाला थांबवा." सगळ्यांचे हात कीबोर्डावरून खाली आले. बाईंना वाटलं, हे शिकवायचं राहून गेलं असेल. त्यांनी ती ओळ फळ्यावर लिहून दिली. मुलांनी बाकीचं सगळं उतरवून घेतलं, तेवढी ओळ सोडून. जवळजवळ सगळ्यांनी.

"ही ओळ का नाही घेतली?" त्यांनी पुढच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं. ही अंगाने लहानखुरी, नाक धारदार. तिला लवंगी म्हणायचे. वर्षाच्या सुरुवातीला हिच्या तोंडाला कुलूप लावता लावता शिक्षकांच्या नाकी नऊ यायचे, असं बाईंनी ऐकलं होतं. आता ती हजेरीपुरतं बोलायची.

लवंगीने मान खाली घातली. तिच्या पडद्यावरचं कासव त्याच त्या फुलावरून फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी दार उघडलं तर खोलीत घरघर चालू होती. सगळे पडदे काळे, पण आतले पंखे फिरताहेत. मुलांनी जाताना नुसते पडदे बंद केले होते. बाईंनी लवंगीच्या टेबलावरचा पडदा लावला. कासव फिरत होतं. रात्रभर फिरत होतं. वाटेत कोपरा किंचित चुकत गेल्याने फुलावर फूल चढलं होतं आणि त्या रेघांनी पडदा इतका भरून गेला होता की फूल कुठे दिसतच नव्हतं, सगळं पांढरंफटक. त्या पांढऱ्यावर एक हिरवा ठिपका हलत होता.

त्यांनी एकेक पडदा लावून पाहिला. सगळीकडे तेच. त्या बटणं दाबत गेल्या, घरघर एकेक करून थांबत गेली. शेवटचं यंत्र बंद झाल्यावर शांतता पडली, आणि आपण पाठ कपाटाकडे करून उभ्या आहोत हे त्यांना उगाचच जाणवलं.

तास संपला की मुलं एका रांगेत बाहेर पडायची. कपाटापाशी आली की प्रत्येकाची चाल मंदावायची आणि ओठ हलायचे. कुणीतरी शिकवलेली प्रार्थना असेल, असं बाई धरून चालल्या होत्या. एकदा त्या कपाटाच्या पलीकडे वाकून सांडलेले ठोकळे गोळा करत होत्या. मुलांना त्या दिसत नव्हत्या. तेव्हा त्यांना शब्द ऐकू आले.

"उजवा तळवा जमिनीवर टेकवा," प्रोफेसर खोक्याला सांगत होता, अगदी हळू. "कोपर सरळ करा. डावा गुडघा पोटाशी घ्या. सगळं वजन गुडघ्यावर टाका."

तो पुढे गेला. मागची मुलगी म्हणाली, "आधी डोळे उघडा. मग मान उचला. मग बाकीचं."

आणि शेवटी लवंगी. ती इतकी हळू बोलत होती की बाईंनी जिवाचा कान केला.

"श्वास आत घ्या. श्वास बाहेर सोडा. पुन्हा करा. पुन्हा करा. पुन्हा करा."

 हातातले ठोकळे तसेच धरून बाई खाली बसून राहिल्या, मुलांची पावलं जिन्यावरून विरून जाईपर्यंत.

शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशींना त्यांनी त्याच दुपारी गाठलं. मावशी व्हरांड्यात फडकं पिळत होत्या. आधी त्यांनी टोलवाटोलवी केली. मग फडकं बादलीत टाकून कठड्याला टेकल्या.

"मोठ्या बाईंनी बोलू नका म्हणून सांगितलंय. पण तुम्हाला रोज त्या खोलीत बसायचंय. तुम्हाला कळायलाच हवं," मावशी म्हणाल्या. "ते त्याच खोलीत गेले. वर्ग चालू असताना. खोका डोक्यावरच होता."

"मुलांसमोर?"

"मुलांसमोर कसलं, मुलांच्या खेळातच. सर चालत होते. ती बारकी लवंगी म्हणाली थांब. सर थांबले. आणि मग खाली पडले. पोरांना वाटलं, खेळच आहे. हसली पोरं. टाळ्या पिटल्या. मग म्हणायला लागली, ऊठ. उभे राहा. सर काही उठेनात. तर त्यांना वाटलं, आपली सूचना अपुरी पडतेय. मग एकेक जण नीट नीट सांगायला लागला. हात असा टेकवा, पाय असा घ्या. मी इकडून जात होते, मला आवाज आले. मला वाटलं, काय शहाणी पोरं आहेत." मावशींनी पदराने तोंड पुसलं. "किती वेळ सांगत होती, देवाला ठाऊक. शेजारच्या वर्गातल्या कुणीतरी डोकावलं तेव्हा कळलं. मी आणि मोठ्या बाईंनी खोका काढला."

"नंतर मुलांना काय सांगितलं?"

"मैदानात उभं करून सांगितलं. सर शांत झोपी गेलेत म्हणून."

बाई मोठ्या बहिणीकडे राहायच्या. बहीण इस्पितळात परिचारिका होती आणि तिला गोष्टी गुळगुळीत करून सांगायची सवय नव्हती. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने सगळं ऐकून घेतलं.

"झोपलेत म्हणून सांगितलं?" ताई म्हणाली. "अगं, मग पोरांचं काय चुकलं? झोपलेल्या माणसाला उठवतातच."

"त्यांना वाटतंय, नेमके शब्द सापडले की ते उठतील."

"आणि त्या मुलीला?"

"तिला वाटतंय, तिने थांब म्हटलं म्हणून ते थांबले."

ताईने हातातली चादर खाली ठेवली. "आमच्या वॉर्डात मी एक शिकलेय. मेला हा शब्द तोंडातून काढताना आपल्यालाच जड जातं, म्हणून आपण तो चुकवतो आणि वर म्हणतो, समोरच्याला त्रास नको. त्यांना सरळ सांग. वारले म्हण. हृदय बंद पडलं म्हण. शब्दाने हृदय बंद पडत नाही आणि शब्दाने चालूही होत नाही. नाहीतर मी रोज घसा फोडून ओरडले असते."

मोठ्या बाईंना पटवणं सोपं नव्हतं. "जखमेवरची खपली काढायची हौस आहे का तुम्हाला?" त्या चिडून म्हणाल्या. मग बाईंनी कपाटामागून ऐकलेलं शब्दशः सांगितलं. श्वास आत घ्या, बाहेर सोडा, पुन्हा करा. मोठ्या बाई खुर्चीत मागे टेकल्या. बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिल्या.

"खोका मी काढला होता," त्या म्हणाल्या. "डोळे उघडेच होते हो. तेव्हापासून त्या दारात गेलं की माझे हातपाय गार पडतात. करा तुम्हाला काय करायचं ते. मी बाहेर उभी राहीन."

पुढच्या तासाला बाईंनी कॉम्प्युटर लावूच दिले नाहीत. मुलांना चौकटींभोवती खाली बसवलं आणि दार उघडं ठेवलं. दारात मावशी होत्या, त्यांच्या मागे मोठ्या बाई.

"मला तुमच्याशी सरांबद्दल बोलायचंय," बाई म्हणाल्या. "ज्याला ऐकायचं नसेल त्याने मावशींबरोबर खाली जायचं. कुणी रागावणार नाही."

एक मुलगा उठून गेला. बाकीची जागची हलली नाहीत.

"सर वारले. त्या दिवशी, इथेच. ते झोपलेले नाहीत. मेलेलं माणूस पुन्हा उठत नाही, कितीही नीट सांगितलं तरी."

प्रोफेसरने चष्मा काढला आणि पुन्हा लावला. "पण मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, झोपलेत."

बाई काही बोलणार तोच मागून आवाज आला. "मी चुकीचं सांगितलं होतं." मोठ्या बाई दारातून आत आल्या होत्या. भिंतीचा आधार घेत त्या पहिल्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "मला सांगवेना, म्हणून तसं सांगितलं. सर वारले, बाळांनो."

कुणी रडलं नाही.  मग लवंगी पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू येईल असं बोलली.

"मी थांब म्हटलं होतं."

"माहितीये मला," बाई म्हणाल्या.

"मी म्हटलं आणि ते थांबले."

यावर ताईची वाक्यं बाईंच्या ओठांवर आली होती. पण समोरच्या चेहऱ्याकडे बघून त्यांच्या लक्षात आलं, या मुलांना नुसतं सांगून काही पटत नाही. त्यांना करून बघायची सवय लावलेली आहे. त्या उठल्या, स्टूल ओढलं आणि कपाटावरचा खोका खाली काढला.

"तो सरांचा आहे," कुणीतरी कुजबुजलं.

"हो. मी घालू का?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी प्रोफेसरने मान हलवली. बाईंनी खोका डोक्यावर घेतला.

आत खळीचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास होता, आणि त्याखाली आणखी कसलातरी, माणसाचा. कपाळ टेकायचं त्या जागी कागद घासून मऊ झाला होता. भोकं दुसऱ्याच कुणाच्या डोळ्यांच्या मापाची होती. बाईंना एकाच डोळ्याने दिसत होतं, तेही फरशीचा एक तुकडा आणि मुलांचे गुडघे.

"सूचना द्या," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज आतल्या आत घुमून त्यांनाच परका वाटला.

फार वेळाने प्रोफेसर म्हणाला, "पुढे चालत राहा."

त्या चालायला लागल्या. चौकटी संपल्या, टेबलं मागे गेली. समोर भिंत आली आणि खोका भिंतीवर आदळला. त्या चालत राहिल्या. पाऊल उचलायचं, टाकायचं, खोका आपटायचा. डब. डब. डब. मागे कुणी हसलं नाही. आता कुणीतरी म्हणेल, असं त्यांना वाटत राहिलं. कुणी म्हणेना. मानेवरून घाम ओघळायला लागला. पोटऱ्या भरून आल्या. वाटलं, पुरे झालं, काढून टाकावा खोका. पण मग मुलं काय समजतील, म्हणून त्या चालत राहिल्या, आणि थोड्या वेळाने तर आपल्याला ठरवून थांबता येईल की नाही याचीच त्यांना खात्री वाटेनाशी झाली. आपला श्वास त्यांना ऐकू येत होता. त्या श्वासामागून, किंचित उशिराने, आणखी एक श्वास चालला आहे असं वाटत होतं. पुठ्ठ्याचा प्रतिध्वनी, दुसरं काय. त्यांनी स्वतःला तसं बजावलं. तरी त्यांनी एकदा श्वास रोखून पाहिला, आणि रोखल्यावर मागचा श्वास लगेच थांबला नाही.

"थांब."

आवाज एवढासा होता. बाई थांबल्या.

 बाई भिंतीला तोंड करून उभ्या होत्या. आता खोका काढायचा, एवढंच उरलं होतं. पण हात वर जाईनात. कुणी सांगितलेलं नाही, असा एक वेडगळ विचार त्यांच्या डोक्यात आला आणि तिथेच अडकून बसला. मागे एखाद्या मुलाचा हुंदका फुटायच्या बेताला आला तेव्हा कुठे त्यांच्या हातांत जीव आला. त्यांनी खोका काढला आणि त्या वळल्या. केस विस्कटलेले, चेहरा घामाने डबडबलेला.

"लवंगीने थांब म्हटलं, मी थांबले," त्या म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "आणि मग कुणी काही सांगितलं नाही, तरी खोका काढला. बघा. आहे मी."

लवंगी उठली. सावकाश जवळ आली आणि तिने बाईंच्या मनगटावर बोटं ठेवली, डॉक्टर ठेवतात तशी. तिथे काय लागायला हवं हे तिला माहीत होतं की नाही कोण जाणे, पण ती तशीच उभी राहिली. तिच्या मागे प्रोफेसर येऊन उभा राहिला. मग तिसरा. पाहता पाहता रांग लागली. एकेक जण यायचा, मनगट धरायचा आणि बाजूला व्हायचा. काहीजण आता मोकळेपणी रडत होते.

"मग आमच्या सूचना चुकीच्या नव्हत्या?" प्रोफेसरने विचारलं. "उठायच्या?"

"बरोबर होत्या," बाई म्हणाल्या. "ऐकायला सर नव्हते."

त्या दिवशी सगळं मार्गी लागलं असं म्हणणं खोटं होईल. एक मुलगी तापाने फणफणली आणि आठवडाभर शाळेत आली नाही. तिचे वडील येऊन मोठ्या बाईंना वाट्टेल ते बोलून गेले, आणि मोठ्या बाईंनी ते सगळं निमूटपणे ऐकून घेतलं, नव्या बाईंचं नाव पुढे येऊ दिलं नाही. काहींची कासवं थांबायला लागली. काहींची नाही. सकाळी दार उघडलं की अजूनही एखाद्या यंत्राची घरघर ऐकू यायची आणि बाई ते मुकाट्याने बंद करायच्या.

लवंगी एका दुपारी स्टुलाशेजारी येऊन उभी राहिली. "खोका सरांच्या घरी द्यायला हवा," ती म्हणाली. "त्यांचा आहे. आणि मला तिथे जायचंय."

तिच्या आईला विचारून बाई तिला घेऊन गेल्या. खोका दोघींनी मिळून धरला होता. रस्त्यात लोक वळून बघत होते. सरांचं घर एका दुकानाच्या वर होतं, दोन खोल्यांचं. सरांची बायको कपडे शिवायची. मशीनवर शाळेच्या गणवेशाची पँट तशीच अर्धवट टीप घालून अडकलेली होती. तिने खोक्याकडे पाहिलं आणि तो घ्यायला हात पुढे केला नाही. बाईंनी तो खाली जमिनीवर ठेवला.

"बसा," ती म्हणाली. "ही कोण?"

"मी त्यांच्या वर्गात होते," लवंगी म्हणाली. "मीच थांब म्हटलं होतं."

बायको काही वेळ तिच्याकडे बघत राहिली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, हे बाईंच्या ध्यानात आलं. आपण पोरीला इथे आणून हे काय करून बसलो, असं त्यांना झालं.

"मला कुणी काही सांगितलंच नाही," बायको म्हणाली. "सगळे म्हणतात, पटकन गेले, त्रास झाला नाही. सकाळी छातीत जळजळतंय म्हणाले होते. मी म्हटलं, मग राहा घरी. तर म्हणे, आज पोरांची पाळी आहे मला चालवायची, वाट बघत असतील." तिने मशीनवरची पँट उगाच सरळ केली. "तू तिथे होतीस ना? मग तू सांग. सगळं सांग. काही गाळू नकोस."

लवंगीने सांगितलं. ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने, एकही पायरी न गाळता, तिला शिकवलं होतं तसं. सर आले. त्यांनी फळा पुसला. खोका घातला. आधी ते टेबलावर आदळले, कारण कुणीतरी डावीकडे म्हणायचं ते उजवीकडे म्हणाला होता. सगळे हसले. सरही हसले.

"हसले?"

"हो. खोका हलत होता."

"मग?"

"मग माझी पाळी आली. मी म्हटलं, चाला. ते चालले. मी म्हटलं, वळा. ते वळले. मग मी म्हटलं, थांब. तर ते म्हणाले, ऐकलं. आणि मग पडले."

"काय म्हणाले?"

"ऐकलं. प्रत्येक सूचना मिळाली की यंत्र असं म्हणायचं. म्हणजे मग आम्हाला कळायचं, पोचली म्हणून."

हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. मावशींना माहीत नव्हतं आणि मुलं बोलली नव्हती.

"कसं म्हणाले?" बायकोने विचारलं. ती खुर्चीच्या काठावर आली होती. "आवाज कसा होता? दुखत असल्यासारखा?"

लवंगीने विचार केला. सांगता येईना. मग ती जमिनीवरच्या खोक्यापाशी गेली, तो उचलला आणि डोक्यावर घेतला. तिच्या कमरेपर्यंत आला तो. खाली नुसते दोन बारीक पाय आणि मळके मोजे.

"ऐकलं," खोक्यातून आवाज आला.

जाडसर, संथ, शेवटचं अक्षर जरा लांबवलेला, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलेल्या माणसाचा. सबंध वर्गाला ती नक्कल येत असणार, महिनोन् महिने त्यांनी ती केली असणार. बाईंनी सरांना कधी पाहिलंही नव्हतं. तरी त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"परत म्हण," बायको म्हणाली.

"ऐकलं."

"परत."

"ऐकलं."

बायकोचा चेहरा बदलला. घरात रोज असतो तसा झाला, थोडा त्रासलेला, थोडा मायेचा. "बरं," ती खोक्याला म्हणाली. "आता काढा ते डोक्यावरून, आणि हातपाय धुऊन घ्या. जेवण गार होतंय."

खोका स्तब्ध उभा राहिला. आत लवंगीला काय करावं ते कळत नव्हतं. खालच्या दुकानात कुणीतरी शटर अर्धं ओढलं, त्याचा आवाज वर आला. मग दोन्ही बाजूंनी बारीक बोटं बाहेर आली, खोका हळूहळू वर गेला, आणि खालून पोरीचा घाबरलेला, घामेजलेला चेहरा दिसला.

बायको त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ओळख पटायला तिला वेळ लागला. मग तिने पदराने लवंगीचं कपाळ पुसलं, विस्कटलेली वेणी सोडली आणि तिथेच उभ्याने, मुकाट्याने, ती पुन्हा घालायला घेतली.